नमुन्याची उशी

दाराला कुलूप लावायचं, ते ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या आणि मग 'ओढून बघितलं ते नीट बघितलं का' या शंकेने पुन्हा वर जायचं, हा ज्यांचा रोजचा व्यायाम होता त्या गृहस्थांना अख्खी इमारत कुलूपराव म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण लोक आपल्यामागे काहीतरी बोलतात असा संशय कुलूपरावांना कायमच असे, आणि या एका बाबतीत तो खरा निघाला होता. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. वहिनींवर मात्र कोणाचाच, कसलाच संशय नव्हता.

कुलूपराव काचेच्या भांड्यांच्या कारखान्यात बांधाबांध खात्यात होते. पेले, बरण्या, फुलदाण्या त्यांनी खोक्यांत अशा भरल्या की ट्रक कलंडला तरी आत तडा जाऊ नये. असंच एकदा खोकं भरताना त्यांच्या मनात आलं, की जे भरण काचेला सांभाळतं ते माणसाच्या डोक्याला का सांभाळणार नाही? बहुतेक माणसांच्या मनात असा विचार आला तर तो चहा पिऊन होईस्तोवर जातो. कुलूपरावांच्या मनातून तो गेला नाही, उलट नोकरीच गेली. म्हणजे त्यांनी ती सोडली आणि उशांचा धंदा काढला.

उशीत जे भरायचं त्याला ते 'मसाला' म्हणत. मसाला कशाकशाचा हे कोणालाही कळू नये म्हणून ते माळ्यावर खिडकीला चादर लावून तो कालवत. उशी शिवायची पद्धतही त्यांचीच. टाका कापडाच्या आतून जायचा आणि बाहेरून दिसायचाच नाही. उसवायला गेलं तर कापड फाटेल, पण टाका सुटायचा नाही. एकट्याने काम उरकेना तेव्हा ती शिवण त्यांनी वहिनींना शिकवली. शिकवताना दाराला कडी घातली होती.

स्वतः कुलूपराव त्या उशीवर कधी झोपले नव्हते. ते मुळात झोपतच नसत. दिवा मालवला की त्यांना जिन्यात पावलं ऐकू येत, मग उठून दार बघणं आलं, दार बघितलं की खिडकी आली. उशीची परीक्षा वहिनींनी घेतली होती. तेव्हापासून त्यांची मान आखडली होती. "खिडकीतून वारा लागतोय तुला," असं निदान करून कुलूपरावांनी खिडकीला आणखी एक खिट्टी बसवली.

बघता बघता पुढची खोली उशांनी भरली. पाहुणा आला की त्याला बसायला जागा करायची म्हणजे आधी उशा हलवायच्या, आणि हलवलेल्या उशा ठेवायला पाहुण्याचीच मांडी तेवढी रिकामी. दुकानदार माल ठेवून घेईनात, कारण 'आत काय आहे' या साध्या प्रश्नावर कुलूपराव त्यांच्याकडे असं बघत की विचारणारा चोरच आहे.

अशात साडूंचा निरोप आला. साडूंचं मोठं फर्निचरचं दुकान होतं. "आमच्याकडे या बसायला," ते फोनवर म्हणाले. "गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला संशयी माणूस मिळत नाही हो हल्ली. महिनाअखेर काय ते कळवा." वहिनींच्या बहिणीचा नवरा, वयाने लहान, लग्नात ज्याला कुलूपरावांनी बूट शोधून दिले होते, त्याच्या दुकानात स्टुलावर बसायचं! साहेबाचं ऐकून घेणं वेगळं आणि साडूचं ऐकून घेणं वेगळं. महिनाअखेरीपर्यंत उशा खपल्या तरच 'नाही' म्हणायला तोंड राहणार होतं. कुलूपरावांना जेवण जाईना.

इमारतीतल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. सल्ला मागितला नव्हता ही गोष्ट कोणीच मनावर घेतली नाही. तळमजल्यावरचे औषधवाले म्हणाले, "नावापुढे 'आरोग्य' लावा, खपेल." वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले की उशी सपाट नको, गोल करा, आणि का ते विचारल्यावर रागावले. कामाचं बोलली ती समोरची शिंपीणबाई. "घरोघरी बैठका घ्या," ती म्हणाली. "एका घरी पाच-सहा बायका जमवायच्या, चहा-बिस्किटं द्यायची, उशीवर आडवं करायचं. आडवा झालेला माणूस नाही म्हणत नाही." हिला आपल्या शिवणीची टेहळणी करायची आहे असा संशय कुलूपरावांना आला, पण कल्पना त्यांनी उचलली.

चारी बाजूंनी बंद अशी एक जुनी मालगाडी, म्हणजे टेम्पो, मिळवली. गाडीत विकायच्या उशा ठासून भरल्या. आडवं व्हायला वेगळ्या पाच-सहा नमुन्याच्या उशा काढल्या आणि ओळखीसाठी त्यांच्या कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याची गाठ मारली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कुलूपराव जरा टेकले तर गादीत आपल्याच बाजूला खड्डा पडल्यासारखा वाटला.

"उंदीर!" ते ताडकन उठले. "गादी कुरतडतायत."

"आल्यावर बघू हो," वहिनी म्हणाल्या आणि घाईघाईने चादर सारखी केली.

कुलूपरावांनी पलंगाखाली सापळा लावला. दुसऱ्या दिवशी कुलूप ओढून, परत येऊन, पुन्हा ओढून दोघं निघाले.

पहिली बैठक मेव्हणीच्या घरी, म्हणजे साडूंच्या गावात. तिने बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला लावून सतरंजी अंथरली होती. शेजारच्या बायका आधी नुसत्याच हसत होत्या. भर दुपारी, परक्याच्या घरात, परक्या पुरुषासमोर आडवं कसं व्हायचं? कुलूपराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वहिनींनी एकेकीला आडवं केलं आणि उशीबद्दल दोन शब्द बोलायला तोंड उघडलं. दुसरा शब्द ऐकायला कोणी जागं नव्हतं.

एक घोरत होती. दुसरी झोपेत कोणाला तरी "ठेव तिथे, ठेव" म्हणत होती. चहा गार झाला, मुलं शाळेतून आली, तरी कोणी उठेना. शेवटी मेव्हणीने भांडं वाजवून सगळ्यांना उठवलं. बायकांनी डोळे चोळले आणि पाकिटं काढली. कुलूपराव भिंतीकडे तोंड करून रडले. आयुष्यात कोणी त्यांच्यावर इतका विश्वास टाकला नव्हता.

साडू दुकानातून आले, त्यांनी एक उशी अंगठ्याने दाबली, कानाशी नेऊन हलवली आणि "हं" म्हणाले. त्या 'हं'ने कुलूपरावांचं चित्त थाऱ्यावरून उडालं. "बघितलंस?" गाडीत बसताच ते म्हणाले. "त्याने दोन विकत घेतल्या. सख्खा साडू पैसे देऊन घेतो याचा अर्थ काय? उसवून बघणार तो."

"अहो," वहिनी म्हणाल्या, "मला जरा बोलायचंय."

"बोल ना. या जगात एक तुझ्यावरच तर विश्वास आहे माझा."

वहिनी पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "काही नाही. खिडकी लावा, वारा लागतोय."

पुढच्या गावात वहिनींच्या मैत्रिणीच्या घरी बैठक होती. मैत्रीण शाळेत शिकवायची, म्हणून अख्खी शिक्षकांची खोलीच जमली होती. वह्या तपासून दमलेल्या बायका, त्यांना उशी दाखवायचीच खोटी. सगळ्या गाढ झोपल्या असताना मैत्रिणीची सासू आतल्या खोलीतून बाहेर आली. जमिनीवर पसरलेल्या बायका, मध्ये त्यांच्या हातातून पडलेली बिस्किटं, आणि दाराशी उभा एक अनोळखी माणूस, जो दाराची कडी पुन्हा पुन्हा ओढून बघतोय. म्हातारी किंचाळली नाही. ती शांतपणे मागच्या दाराने गेली आणि शेजारच्या डॉक्टरांना घेऊन आली.

"चहात गुंगीचं औषध घातलंय यांनी," ती म्हणाली. "दागिने मोजा सगळ्यांचे."

डॉक्टरांनी एकेकीची नाडी बघितली. "झोपल्यात," ते म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "कशाने?" स्वतः दोन मिनिटं आडवे होऊन बघतो म्हणाले आणि दवाखान्यातला माणूस शोधायला येईस्तोवर उठले नाहीत. त्यांनी चार उशा घेतल्या. सासूबाईंनी मात्र कपबश्या धुताना प्रत्येक कपाचा वास घेतला. चोर कसा सुटला याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

गावामागून गाव झालं. गाडीत आता वळकटी टाकण्याइतकी जागा झाली होती. कुलूपरावांनी साडूंना 'नाही' कसं म्हणायचं याची तालीम सुरू केली. आधी खाकरायचं, मग "तुमचा आग्रह मी समजू शकतो" असं म्हणायचं. वहिनी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालल्या होत्या. विकलेली प्रत्येक उशी गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्यांचा हात जड होत होता. प्रत्येक मुक्कामी त्या "अहो, मला बोलायचंय" म्हणत, आणि कुलूपराव विश्वासाबद्दल काहीतरी बोलून त्यांचं तोंड बंद करत.

शेवटच्या गावाच्या अलीकडे रस्त्यावर तपासणी नाका लागला. शिपायाने दांडी आडवी केली. साहेब खुर्चीतून उठून आले.

"गाडीत काय?"

"माल."

"कसला?"

कुलूपरावांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "उशा."

"उशीत काय?"

"ते सांगता येणार नाही."

नाक्यावर केस पिकलेल्या माणसाला याहून गोड उत्तर आजवर कोणी दिलं नसावं. साहेबांनी टोपी सारखी केली आणि शिपायाला एक उशी उसवायला सांगितली. कुलूपराव गाडीच्या दाराला पाठ लावून उभे राहिले. "मला आत टाका," ते म्हणाले, "पण माझ्या देखत उशी उसवू देणार नाही." हे ऐकल्यावर साहेबांनी दुसऱ्या शिपायालाही बोलावलं.

"साहेब," वहिनी पुढे झाल्या. त्यांच्या हातात हिरव्या गाठीची नमुन्याची उशी होती. "ही घ्या. ही फाडा. आमची काही हरकत नाही."

टाका काही सुटेना. शिपायाने चाकूने कापड फाडलं. साहेबांनी आत हात घातला, कोपऱ्यापर्यंत चाचपलं आणि मूठभर भरण बाहेर काढलं.

"कापूस आहे," ते हिरमुसून म्हणाले. "जा तुम्ही."

"कापूस?" कुलूपराव ओरडले. त्यांनी ती मूठ हिसकावून घेतली, हुंगली, चिमटीने ताणून बघितली. मग दुसरी नमुन्याची उशी आणून स्वतःच चाकूने फाडली. तिच्यातही कापूस. "साहेब, चोरी झालीय! तक्रार लिहून घ्या!"

"काय लिहू? उशीत कापूस सापडला?"

"हो!"

"मग उशीत काय सापडायला हवं होतं?"

"ते सांगता येणार नाही."

साहेब खुर्चीत बसले. त्यांनी फाटलेली उशी उलटीपालटी केली. माणूस नोकरीत मुरलेला होता. "शिवण तर शाबूत होती," ते म्हणाले. "म्हणजे ज्याने उसवली त्याने तशीच परत शिवली. ही शिवण येते कोणाला?"

"फक्त मला आणि हिला."

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी रस्त्याकडे बघितलं. शिपायाने साहेबांकडे बघितलं आणि हसू दाबायला तो दांडी वर करायला गेला.

"बघा म्हणजे!" कुलूपराव म्हणाले. "चोराने शिवणसुद्धा शिकून घेतली! साडू. दुसरा कोणी नाही."

साहेबांनी त्यांना पाणी दिलं आणि वहिनींना हळूच म्हणाले, "ताई, सांभाळा यांना." गाडी उलटी फिरली.

शिक्षिकेचं गाव वाटेतच होतं. तिच्या दाराशी गाडी थांबली न थांबली तोच आतून बायका बाहेर आल्या. एकूण एक कुलूपरावांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिरकं बघत होती. कुलूपरावांना संशयाची नजर ओळखीची होती, पण इतक्या जणींना एकाच वेळी आपल्याबद्दल एकच संशय यावा याचं त्यांना नवल वाटलं. मग डॉक्टर आले, गळ्यात पट्टा घालून, तेही तिरकं बघत. तेव्हा लक्षात आलं. संशय वगैरे काही नव्हता. माना सरळ होत नव्हत्या.

"रात्रभर कानाशी करकर वाजतं," मैत्रीण म्हणाली. "आम्हाला ही नको. ज्यावर झोपवलं होतं ती द्या."

"मी म्हणाले नव्हते?" सासूबाई म्हणाल्या. सगळ्या घरात त्यांची एकटीची मान ताठ होती.

"सगळं परत मिळेल," कुलूपराव म्हणाले. "आधी चोर पकडू द्या." बायकांना चोर कळला नाही, पण तमाशा चुकवायचा नव्हता. मैत्रीण आणि डॉक्टर गाडीतच बसले. तिरक्या माना घेऊन ती वरात साडूंच्या दारात उतरली.

साडू सोफ्यावर बसले होते. मान डाव्या खांद्याला टेकली होती.

"तुम्ही माझा मसाला चोरलात," कुलूपराव दारातूनच गरजले. "नमुन्याच्या उशांतून काढून घेतलात आणि त्यात कापूस कोंबलात!"

साडूंनी मान न हलवता सगळं शरीर त्यांच्याकडे वळवलं. "चोरायचा विचार होता," ते म्हणाले. "कशाला खोटं बोलू? विकत घेतलेली उशी त्याच दिवशी कापली. आत बघितलं. रबराचे तुकडे, लाकडाचा भुसा, कागदाच्या सुरळ्या. मग चिकटपट्टी लावून परत बंद केली. भावजी, चोरण्यासारखं काय आहे हो त्यात?"

कुलूपरावांनी आजवर अनेक चोरांची कल्पना केली होती. खिडकीतून येणारे, माळ्यावरून येणारे, गोड बोलून येणारे. पण चोर आला, त्याने सगळं बघितलं आणि त्याला ते नको झालं, हे त्यांच्या मनात कधीच आलं नव्हतं. ते जवळच्या खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बघून मेव्हणीने पंखा लावला.

"मग कापूस कोणी भरला?" त्यांनी कोणालाच उद्देशून नाही असं विचारलं.

"मी भरला," वहिनी म्हणाल्या.

कुलूपरावांनी मान वर केली. त्यांची मान तेवढी सरळ वर झाली.

"महिनाभर तुमच्या उशीवर मी झोपलेय," वहिनी म्हणाल्या. "बहिणीच्या घरी, यांच्या देखत, बायका माना धरून उठल्या असत्या. तुमचं हसं झालेलं मला बघवलं नसतं. म्हटलं पहिल्या बैठकीत तेवढी अब्रू राहू दे, विकत कोण घेतंय! तर या बायका घ्यायलाच लागल्या. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून रडलात. मग कसं सांगू? सांगायला गेलं की तुम्ही म्हणायचात, तुझ्यावरच विश्वास आहे."

"मसाल्याचं काय केलंस?"

"बहिणीसाठी लोणच्याच्या बरण्या आणल्या ना, त्यांच्या खोक्यात भरला." वहिनींनी डोळे पुसले. "तेवढं मात्र कबूल करते. एकही बरणी फुटली नाही."

डॉक्टरांना हसू आलं आणि मानेत कळ गेली. कुलूपराव उठले, गाडीकडे गेले, दार उघडून आत शिरले. पळून जातायत असं साडूंना वाटलं. पण कुलूपराव कात्री घेऊन परत आले.

"घरात जुन्या गाद्या असतील तर आणा," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण तालीम केलेलं खाकरणं त्यांनी सोडलं नाही. "ज्याचा त्याचा कापूस. भरून शिवून देतो. वरचं काही घेणार नाही."

ती दुपार आणि पुढचा आठवडा त्यात गेला. प्रत्येक गावात थांबायचं, आपलीच उशी आपल्याच हाताने फाडायची, मसाला पोत्यात रिकामा करायचा, कापूस पिंजायचा, भरायचा आणि आतल्या टाक्याने शिवायचं. नवी खोळ लागायची ती पदरची गेली. वहिनी भरायच्या, कुलूपराव शिवायचे. बायका शिवणीवरून बोट फिरवून टाका शोधायच्या आणि तो सापडायचा नाही. शिक्षिकेच्या सासूने तर भिंग आणून बघितलं. मग आतून स्वतःच्या लग्नातली गादी आणून त्यांच्यापुढे टाकली आणि म्हणाली, "हिच्या चार होतील. शिवणावळ सांगा. आणि चहा घ्या, मी केलाय, त्यात काही नाही." ही पहिली मागणी. दुसरी डॉक्टरांची, तिसरी साडूंच्या दुकानाची. साडूंनी स्टुलाचं पुन्हा काढलं नाही, आणि "तुमचा आग्रह मी समजू शकतो" हे वाक्य वायाच गेलं. मसाल्याची पोती काचेच्या कारखान्याने नेली.

दोघं घरी पोहोचली ती दुपारी. कुलूपराव वाटेत फारसे बोलले नव्हते. बायकोवर रागवावं तर कशाबद्दल, हे त्यांना अजून ठरवता येत नव्हतं. पिशव्या दारात ठेवून ते आत गेले, पलंगाखाली वाकले. सापळा रिकामा होता. त्यांनी गादीतला खड्डा हाताने चाचपला आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"तो कापूस इथला?"

"हो."

"सगळा माझ्याच बाजूचा का काढलास?"

"तुमच्या बाजूला झोपतं कोण?" वहिनी म्हणाल्या. "रात्रभर तुम्ही दाराशी असता. गादी एका बाजूने नवी कोरी राहिली होती. माझी बाजू झिजलीय."

कुलूपराव खड्ड्यात बसले, मग हिरव्या गाठीची एक उरलेली उशी ओढून आडवे झाले. नुसतं बघतो, ते म्हणाले. आपण या उशीवर कधी डोकं टेकलंच नाही, या विचाराने त्यांना लाज वाटली. हात पुढे करून त्यांनी वहिनींचं मनगट धरलं आणि बोलता बोलताच त्यांना झोप लागली.

पुढचं दार सताड उघडं होतं. पिशव्या दारात पडल्या होत्या, खाली गाडीचंही दार लोटलेलं नव्हतं, आणि जिन्यात खरोखरच पावलं वाजत होती. वहिनींनी थोडा वेळ वाट बघितली. कुलूपराव हलले नाहीत. तेव्हा त्यांनी अलगद मनगट सोडवून घेतलं, खाली जाऊन गाडी बंद केली, वर येऊन दाराला आतून कडी घातली, आणि पलंगापाशी येता येता मध्येच थांबून, परत जाऊन, कडी एकदा ओढून बघितली.